गारगोटीची घड्याळं

दिवाळीत मोठा मुलगा पुण्याहून आला होता. घराचे जुने कागद शोधताना कपाटाच्या खालच्या खणात त्याच्या हाताला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा लागला. आत नऊ मनगटी घड्याळं, सगळी बंद. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. "बाबा, हे भंगार कशाला जपून ठेवलंय?" मी म्हटलं, "ठेव तिथंच." सूनबाईने विचारलं तेव्हा "सांगतो कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. नातवाला मात्र त्यातलं एक चौकोनी घड्याळ फार आवडलं. तर ते कधीतरी आज उजाडलं आहे असं समजा. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ती घड्याळं बंद होती कारण मीच त्यांचे सेल काढून ठेवले होते. सेल आत तसाच राहिला की कधीतरी फुटतो, आणि त्यातलं क्षार आतल्या नाजूक पट्ट्या खाऊन टाकतं. नऊपैकी सात स्विस आहेत, दोन जपानी. आणि ही सातही स्विस घड्याळं क्वार्ट्झची आहेत, साधारण १९७५ ते १९८३ या काळातली. जुनी घड्याळं जमवणाऱ्यांना विचाराल तर ते चावीची किंवा ऑटोमॅटिक मागतील. या काळातल्या स्विस क्वार्ट्झला आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. मी विचारतो. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांच्याकडे फेवर लुबा होतं. त्याचा खरा फ्रेंच उच्चार वेगळा आहे, पण मुंबईपासून पांढरकवड्यापर्यंत सगळे फेवर लुबाच म्हणत. रोज रात्री जेवण झालं की ते ओसरीवर बसून घड्याळाला चाबी देत आणि आम्हा पोरांना ते ऐकायला कानाशी धरत. या कंपनीचं मूळ स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावचं, १७३७ सालचं. तिचा एक वारस, फ्रिट्झ फाव्र, १८६५ मध्ये हिंदुस्थानात आला आणि मुंबईशी या घराण्याचा जो संबंध जुळला तो शंभर वर्षांहून जास्त टिकला. वेस्ट एंड ही दुसरी स्विस कंपनी, तिने १८८६ मध्ये मुंबईत बस्तान बसवलं. तिची घड्याळं रेल्वेच्या आणि पलटणीच्या माणसांच्या हातावर असत. (आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेला घड्याळाची फारशी गरज नव्हती, हे ज्यांनी तिच्यातून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. १९९४ पर्यंत ती वाफेवर चालली.)

म्हणजे स्विस घड्याळ आपल्याला परकं नव्हतं. रोमर, कॅमी, एनिकार, टिसॉट, हेन्री सँडोज ही नावं आमच्या पिढीतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील. पण स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर, आयातीवर कडक बंधनं आली. त्या काळात गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि तिथे परदेशी घड्याळं राजरोस मिळत, ती सह्याद्री ओलांडून इकडे येत. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि त्याच वर्षी बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. तरी मागणी इतकी होती की एचएमटीसाठी थांबावं लागे, आणि ज्यांना थांबायचं नसे त्यांच्यासाठी अरबी समुद्रातून पडाव येतच होते. "फॉरेनचं आहे" हे दोन शब्द कुजबुजत म्हटले जात. लग्नात जावयाला सायकल, घड्याळ आणि अंगठी ही त्रयी ठरलेलीच. मी स्वतः नोकरी लागल्यावर, १९७४ मध्ये, एचएमटीचं जनता घेतलं. लग्नात मिळालेलं नाही, हे आमच्या सौ.ने इथे नमूद करायला सांगितलं आहे.

आता क्वार्ट्झ. माझी पदवी बीएची, तीही मराठी माध्यमातून. विज्ञान शाळेपुरतं. म्हणून हे सगळं मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर काढून समजावलं होतं. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. लहानपणी नदीच्या पात्रातून दोन पांढऱ्या गारगोट्या आणून अंधारात घासल्या की आत उजेड चमकायचा, तो खेळ कोणी विसरलं नसेल. या गारगोटीच्या स्फटिकाचा एक गुण १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी शोधला: स्फटिक दाबला की त्यात वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी उलटही सिद्ध झालं. त्याला वीज दिली की तो आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणजे थरथरतो. आणि ठरावीक आकाराचा तुकडा ठरावीक वेगानेच थरथरतो. तो वेग मोजा, झालं घड्याळ. १९२७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी असं पहिलं घड्याळ केलं, पण ते कपाटाएवढं होतं. मनगटावर आणायला आणखी चाळीस वर्षं लागली. (घड्याळात वापरतात तो स्फटिक नदीतला नसतो, कारखान्यात वाढवलेला असतो. नाहीतर कोणी पैनगंगेवर टोपली घेऊन जायचं.)

आजच्या बहुतेक घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा का? विद्यार्थ्यांना मी हे गणित घालायचो. ३२,७६८ चे निम्मे १६,३८४. त्याचे निम्मे ८,१९२. असं निम्मं करत जा, पंधराव्या वेळी बरोबर १ येतो. घड्याळातलं सर्किट हेच निम्मं-निम्मं करत असतं, आणि शेवटी उरलेल्या त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक उडी मारतो. इतिहासाचा मास्तर गणित घालतो म्हणून पोरं आधी हसत, मग वहीत करून बघत.

इथे सांगायची महत्त्वाची गोष्ट ही, की हे घड्याळ स्विस लोकांना कळलं नाही आणि जपान्यांनी बाजी मारली, ही जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती अर्धीच खरी आहे. न्यूशातेल या स्विस गावात वीसेक घड्याळ कंपन्यांनी मिळून १९६२ मध्ये एक संशोधन केंद्रच काढलं होतं. तिथे १९६७ मध्ये मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचा पहिला नमुना तयार झाला. त्याच वर्षी न्यूशातेलच्या वेधशाळेच्या स्पर्धेत स्विस नमुने सगळ्यात वर होते, जपानच्या सायकोचे त्यांच्या खाली. म्हणजे ज्ञान होतं. पण बाजारात पहिलं आलं ते सायकोचं अॅस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तिकडे छोटी मोटारगाडी यावी एवढी. चूक किती, तर महिन्याला पाच सेकंद. चावीचं चांगलं घड्याळ दिवसाला तेवढं पुढेमागे झालं तरी आपण खूश असायचो.

स्विस घड्याळ चारच महिन्यांनी, एप्रिल १९७० मध्ये बाझलच्या प्रदर्शनात आलं. आतल्या यंत्राचं नाव बीटा २१. ओमेगा, रोलेक्स, पाटेक फिलिप, आयडब्ल्यूसी अशा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांनी तेच यंत्र आपापल्या केसमध्ये बसवलं. रोलेक्सने तर सोन्याच्या केसमध्ये. सगळी मिळून सुमारे ६,००० यंत्रं निघाली. यातली एक गंमत मला फार आवडते. अॅस्ट्रॉन आणि बीटा २१, दोघांचे स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरणारे. जपान्यांनी ते पुरतं निम्मं करत एकावर आणलं आणि काटा सेकंदाला एकदा टिक करून उडवला. स्विसांनी पाचदाच निम्मं केलं. ८,१९२ चे पाचदा निम्मे २५६. सेकंदाला २५६ वेळा हलणाऱ्या एका बारीक मोटरने त्यांनी काटा फिरवला, तो उडी न मारता पाण्यावरून घसरत गेल्यासारखा फिरतो. म्हणजे गारगोटी वापरायची, पण घड्याळ दिसलं पाहिजे जुन्या घड्याळासारखं. मला यात त्यांचा हट्टही दिसतो आणि लाजही.

बीटा २१ मी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, फक्त फोटोत आणि व्हिडिओत. ते माझ्या पेन्शनच्या पलीकडचं आहे. पण त्याच्या धाकट्या भावंडांपैकी एक मी १९७९ मध्ये यवतमाळात पाहिलं.

दत्त चौकाजवळच्या एका गल्लीत एका घड्याळजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन जिन्यांच्या मधली तीन फुटांची जागा, काचेची पेटी, त्यावर वाकलेला दिवा आणि एका डोळ्याला भिंग लावून बसलेले चाचा. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. अख्ख्या गावाची घड्याळं त्यांच्याकडे. कापसाचा हंगाम संपून शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की चाचांकडेही गर्दी. सर्व्हिसिंग, ऑइलिंग, काच बदलणं, हेअरस्प्रिंग सरळ करणं. मी शाळा सुटल्यावर कितीदा तरी नुसता बघत उभा राहायचो. त्या दिवशी एका डॉक्टरांचं घड्याळ आलं होतं, त्यांच्या भावाने विलायतेहून पाठवलेलं. टिसॉट क्वार्ट्झ. चाचांनी मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मला भिंग दिलं. आत सेल होता हे खरं, तांब्याच्या केसासारख्या तारेची एक गुंडाळी होती, स्फटिकाची लहानशी डबी होती. पण बाकी? पितळेची चाकं, त्यांच्या टोकांना लाल माणकं, घासून चकचकीत केलेल्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी स्क्रूने बसवलेली. वेग कमीजास्त करायलासुद्धा एक चिमुकला स्क्रू होता. म्हणजे ज्याने ते बनवलं त्याने कधीतरी कोणीतरी हे उघडील, साफ करील, परत बसवील असं धरूनच बनवलं होतं. माझ्या जमवण्याचं मूळ त्या एका नजरेत आहे. तेव्हा हे कळलं नाही. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, "चाचा, याला चावी नाही, तेल नाही. याला दुरुस्तीच लागत नाही. सेल बदलला की झालं." मी हे विज्ञानाच्या सरांकडून नुकतंच शिकून आलो होतो ना! चाचांनी झाकण लावलं. म्हणाले, "याले तेल नाही, चाबी नाही, मंग मी याचं करू काय, सर?" आणि डॉक्टरांना सांगून पाठवलं की हे आपल्याकडचं काम नाही.

तिकडे स्वित्झर्लंडात तेव्हा काय चाललं होतं? ज्यूरा पर्वतातला हा घड्याळांचा मुलूख थंड, उंच. ला शो-द-फाँ हे गाव हजार मीटरवर आहे. हिवाळ्यात शेतं बर्फाखाली, म्हणून तिथले शेतकरी घरात बसून घड्याळाचे भाग करू लागले. त्यातून घरोघर, गल्लोगल्ली एकेक कारागिरी वाढली: कोणी फक्त काटे करायचा, कोणी फक्त तबकडी. क्वार्ट्झने यातल्या बहुतेकांचं काम संपवलं. त्यात १९७१ नंतर डॉलर घसरला आणि स्विस फ्रँक चढला, त्यामुळे स्विस माल आणखी महागला. १९७० च्या सुमारास या धंद्यात जवळजवळ ९०,००० माणसं होती, १९८० च्या दशकाच्या मध्याला ती एकतृतीयांशाच्या आसपास उरली. आपल्या वणी-दारव्ह्याची एखादी जिनिंग बंद पडली तर गावाचं काय होतं हे पाहिलेल्याला यापुढे काही सांगायला नको.

धंदा वाचला तो स्वॉचने. बुडत्या दोन मोठ्या समूहांना १९८३ मध्ये एकत्र केलं गेलं, त्यामागे निकोलास हायेक हा सल्लागार होता. त्याच वर्षी १ मार्चला झुरिकमध्ये प्लास्टिकचं, रंगीबेरंगी स्वॉच आलं. सुटे भाग फक्त ५१. आणि केस अशी जोडलेली की सेलाचं झाकण सोडून ती उघडताच येत नाही. बंद पडलं की फेका. म्हणजे स्विस घड्याळ वाचलं ते दुरुस्त न होणारं घड्याळ बनवून! मला स्वॉचबद्दल राग नाही, हुशारीचं काम आहे. पण माझ्या डब्यातली घड्याळं त्याच्या आधीची आहेत. नवं तंत्र हातात आलेलं आणि जुनी सवय अजून सुटलेली नाही, अशा आठ-दहा वर्षांतली.

आपल्याकडे क्वार्ट्झ घरोघर आणलं ते टायटनने. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी १९८४ मध्ये कंपनी काढली, झर्क्सिस देसाई तिचे प्रमुख, कारखाना होसूरला. १९८७ पासून घड्याळं दुकानात दिसू लागली. टीव्हीवर मोत्झार्टची ती धून वाजली की आमच्या घरी सगळे मान वर करून बघत. एचएमटीनेही क्वार्ट्झ केली होती, पण तिचा जीव चावीच्या घड्याळात अडकलेला. पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळाचा व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली.

मी १९८८ मध्ये टायटन घेतलं. जनता खणात गेलं. आणि त्यानंतर चौदा वर्षं मी चाचांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. भांडण नव्हतं, कामच नव्हतं. सेल तर कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्येही मिळायचा, तिथला पोऱ्या चाकूच्या टोकाने झाकण उघडून बदलून द्यायचा. रस्त्यात भेट झाली तर "काय सर, बरं आहे?" एवढंच.

या काळात आपल्या मोठ्या बाबांच्या फेवर लुबाचं काय झालं? १९६२ मध्ये ज्यांनी उंची मोजणारं बिव्हुआक नावाचं घड्याळ केलं, १९६८ मध्ये पाण्याची खोली सांगणारं बाथी केलं, ती कंपनी क्वार्ट्झच्या तडाख्यात घराण्याच्या हातून गेली आणि मग एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. २०११ मध्ये ते नाव सुमारे २० लाख युरोंना विकत घेतलं कोणी, तर आपल्या टायटनने. ज्या क्वार्ट्झने एक बुडाली त्याच क्वार्ट्झवर दुसरी मोठी झाली होती, आणि तिने पहिलीचं नाव विकत घेतलं. टायटननेही पुढे ते सोडलं. २०२३ मध्ये ते एथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेलं आणि २०२४ मध्ये जिनिव्हात नवी घड्याळं मांडली गेली. त्यांच्या किमती वाचून मोठ्या बाबांनी कपाळाला हात लावला असता.

त्याच २०११ मध्ये चाचांनी दुकान बंद केलं. डोळे गेले होते, मुलं मोबाईल दुरुस्तीत. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी मुलाबरोबर घरी आले, हातात हा पत्र्याचा डबा. दुरुस्तीला येऊन पडून राहिलेली, मालक परत न आलेली घड्याळं. चावीची होती ती त्यांनी करून, विचारपूस करून देऊन टाकली होती. ही अकरा सेलची होती. "सर, तुम्ही गावातले लोक ओळखता. चिठ्ठीवर नावं हायेत. कोणाचं कोणाले देता आलं तर द्या. माह्याच्यानं फेकवत नाही." मी पैसे देऊ लागलो तर हात जोडले. परक्याच्या वस्तूचे पैसे कसे घेऊ, म्हणाले.

दोन घड्याळं मी पोचवली. एक दिग्रसच्या एका घरी, तिथे मालक वारले होते. मुलाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि आईला नेऊन दिलं. दुसरं वणीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना. ते हसून म्हणाले, "अहो, हे चालू होतं तेव्हा मी महत्त्वाचा माणूस होतो." बाकी चिठ्ठ्यांवरची नावं अर्धवट, काही पुसलेली. "पुसदवाले", "बँक", "सेल टाकूनही बंद", "शेठचा जावई".

त्यानंतर मला नाद लागला. डब्यातल्यांना मी आपली म्हणत नाही, पण त्यांच्यामुळे स्वतःची पाच घेतली. एक मुंबईत चोरबाजारात घेतलं, चकाकती निळी तबकडी, स्विस नाव. घरी आल्यावर लक्षात आलं की तबकडी नव्याने रंगवलेली आहे, आतलं यंत्र भलत्याच घड्याळाचं. असल्या घड्याळांना जाणकार मुंबई स्पेशल म्हणतात. त्यानंतर मी आधी झाकण उघडून दाखवायला सांगतो. तबकडीच्या अगदी तळाशी 'स्विस मेड' च्या दोन्ही बाजूंना बारीक इंग्रजी टी आहे का तेही पाहतो. तो ट्रिटियमचा टी, अंधारात चमकणाऱ्या रंगाचा. चमक तर केव्हाच विझलेली असते, पण रंगवणारा माणूस हा टी हमखास विसरतो.

आता शेवटची गोष्ट, जी मी अजून घरातही नीट सांगितलेली नाही. २०१७ मध्ये भाचीच्या लग्नाला नागपूरला गेलो तेव्हा डबा बरोबर नेला. इतवारीत एक तरुण जुनी विजेची घड्याळं बघतो असं कळलं होतं. त्याच्याकडे मीटर होता, छोटा सूक्ष्मदर्शक होता. त्याने सातही स्विस घड्याळं एकेक करून तपासली. दोनांची गुंडाळीची तार तुटलेली. दोनांचं सर्किट मेलेलं, ते आता कोणी बनवत नाही, म्हणजे दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलं तरच. आणि उरलेल्या तीनांना? "काका, यांना काही झालेलं नाही. चाकांमधलं तेल सुकून गोंद झालाय. मोटरमध्ये तेवढी ताकद नसते, म्हणून अडकतं." त्याने ती खोलली, धुतली, प्रत्येक माणकावर तेलाचा थेंब सोडला, परत बसवली, सेल घातला. तिन्ही चालू.

सर्व्हिसिंग आणि ऑइलिंग. चाचा आयुष्यभर जे करत आले तेच, तीच हत्यारं, तेच तेल. फक्त त्यांनी ती घड्याळं खोललीच नाहीत, कारण यांना तेल लागत नाही असं सगळे सांगत होते. पहिल्यांदा कोणी सांगितलं ते वर लिहिलंच आहे. चाचा २०१४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांना जाऊन सांगायचा प्रश्न आला नाही. त्यांच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अब्बांना वाटतच होतं सर, की याच्यात काहीतरी करता येईल. पण ग्राहकाचं घड्याळ, बिघडलं तर?"

त्या तीनपैकी एक, "शेठचा जावई" लिहिलेलं चौकोनी, नातवाने दिवाळीत पसंत केलं तेच. त्याला म्हटलं, हे आपलं नाही, मालक आला तर परत करायचं, तोवर घाल. तो ते घेऊन पुण्याला गेला. काल त्याचा फोन आला की आजोबा, काटा एकदम चार-चार सेकंदांच्या उड्या मारतोय, बिघडलं का? म्हटलं, नाही रे, सेल संपत आलाय, ते सांगतंय. जवळच्या दुकानात जा, पण झाकण चाकूने उघडू देऊ नकोस.